अर्धा तास थांबणारे काका

वाशीमला माझ्या दुकानाच्या दाराशेजारी भिंतीवर गेरूने काढलेली एक लहानशी चौकट आहे. तिच्यात तारखा आहेत. घरमालकांनी दोनदा भिंत रंगवली आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत ती चौकट पुन्हा हजर झाली. तिसऱ्या वेळी त्यांनीच रंगाऱ्याला सांगितलं, "तेवढं सोडून मार बावा. तो मानूस आयकत नाही."

तो माणूस म्हणजे आमचे काका. आमचे म्हणजे वाशीममध्ये ज्यांच्या ज्यांच्याकडे मॅक कॉम्प्युटर आहे, त्या सगळ्यांचे. काका निवृत्त आरोग्यसेवक. सगळी नोकरी जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या पायी आणि सायकलने तुडवण्यात गेली. तापाचे रुग्ण शोधा, लहान मुलांना डोस द्या, घरभेट झाली की भिंतीवर तारीख टाका. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने नवा मॅक घेतला आणि जुना यांना पाठवून दिला. दुसऱ्या कोणी त्यावर नातवंडांचे फोटो पाहिले असते. काकांना त्यात उणिवा दिसल्या. मग त्या उणिवांवर कोणी काही छोटं-मोठं बनवलंय का, हे शोधत बसले. सापडलं ते आधी स्वतःच्या मशीनवर वापरून पाहिलं आणि मग पिशवी खांद्याला लावून घरभेटी सुरू केल्या.

माझ्याकडे आले ते दुपारी. मी टायपिंग करते, पुस्तकांची, स्मरणिकांची पानं लावते, लग्नपत्रिका करते. अकोल्याला निघालेल्या एका अल्बमवाल्याकडून मी त्याचा मॅक घेतला होता आणि तो अजून मला नीट सुरूही करता येत नव्हता. दारात उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टातला माणूस उभा.

"इथं मॅक आला म्हनते?"

जणू घरात लेकरू जन्मल्याची बातमी लागली होती. मी म्हटलं, "आला, पण जुना आहे."

"तुमच्याकडं त नवाच ना. वय किती?"

"सहा असेल."

"आधीचं काही दुखनं?"

मला वाटलं, हे विमेवाले असावेत. मी चहासुद्धा विचारला नाही. काका आपले आत आले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले आणि शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं एक कार्ड त्यांनी काढलं. त्यावर पट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, काय दिलं, पुन्हा कधी. "आज पोटाचं देतो," म्हणाले.

पोटाचं म्हणजे एक इवलासा प्रोग्राम. मशीनच्या पोटात काय काय भरलंय आणि कशाने किती जागा खाल्लीय, ते तो उलगडून दाखवतो. पाच मिनिटांत माझ्या मॅकच्या पोटात रिसोडच्या कोणाच्या तरी हळदीची चित्रफीत सापडली, आणि तीही तीन वेळा. ती काढल्यावर मशीन खरंच हलकं चालायला लागलं. मी खूश होऊन म्हटलं, "काका, अजून आहे का असं काही?"

"हाय. पन एका खेपेले एकच."

पुठ्ठ्यावर तारीख लिहिली, कार्ड मॅकखाली सरकवलं आणि काका हाताची घडी घालून बसून राहिले. मला वाटलं, आता उठतील. उठेनात. गिऱ्हाईक आलं, पत्रिकेचा नमुना पाहून गेलं. काका बसलेलेच, पिशवी खांद्यालाच. शेवटी मीच विचारलं, "काही राहिलं का काका?"

"अर्धा तास थांबतो. रिअ‍ॅक्शन येते काय पाहाले."

"कॉम्प्युटरला रिअ‍ॅक्शन?"

"कोनालेही येऊ शकते," काका म्हणाले आणि रस्त्याकडे पाहायला लागले. बरोबर अर्ध्या तासाने उठले, बाहेर जाऊन भिंतीवर गेरूने तारीख टाकली आणि गेले.

पुढच्या दोन वर्षांत काकांनी माझ्या मॅकला जे जे दिलं ते मी आजही वापरते. झोपेचं दिलं: मोठं काम चालू असताना मशीनला डुलकी लागू देत नाही. नावाचं दिलं: फोटोग्राफर एका लग्नाचे नऊशे फोटो आकड्यांच्या नावाने आणून टाकतात, त्यांची नावं एका दमात बदलून देतं. लिहायचं दिलं: दोन अक्षरं दाबली की "आमचे येथे श्रीकृपेकरून" किंवा "मंगल परिणय" असा पत्रिकेचा अख्खा मायना उमटतो. कोणाला कुठला मायना लागतो ते मला माहीत, आणि त्या प्रोग्रामला माझं माहीत. सगळ्यात आवडतं ते झाडझुडीचं: एखादा प्रोग्राम काढायचा तर त्याचं मागं उरलेलं सगळं शोधून बाहेर टाकतं. यातल्या एकाचंही खरं नाव मला आज धड सांगता यायचं नाही. कार्डावर काकांनी "पोटाचं", "झोपेचं" एवढंच लिहिलंय.

त्यांचे नियम मात्र पाठ आहेत. एक औषध, एक काम. "बावन्न दुखण्यायवर एकच बाटली इकनारा बसस्टँडवर उभा राह्यते," असं म्हणून ते मोठाल्या, सगळं काही करणाऱ्या प्रोग्रामांकडे ढुंकूनही पाहत नसत. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या घरून, म्हणजे त्याच्याच वेबसाइटवरून आणायचं, दुसऱ्याच्या हातून नाही. शेवटचं कधी सुधारलं ते पाहायचं. दोन-तीन वर्षं कोणी हात लावला नसेल तर ती एक्सपायरी समजायची. आणि आत आल्यावर काय काय मागतंय ते पाहायचं. "कॅलेंडर दाखोनारं औषध तुह्या फोटोत कायले डोकावते? इचार त्याले." रोज लागत नाही ते ठेवायचं नाही. आणि आठ दिवस वापरल्याशिवाय दुसरं मागायचं नाही.

हा शेवटचा नियम पाटणी चौकाकडच्या एका फोटोग्राफरने मोडला. कुठल्याशा यादीत वाचून त्याने एका बसल्या अकरा प्रोग्राम उतरवले. मॅक गोगलगायीसारखा चालायला लागला तेव्हा काकांना बोलावणं गेलं. काकांनी त्याच्या समोर बसून अकराच्या अकरा काढले, कार्डावर लाल शाईने "लंघन" लिहिलं आणि आठ दिवस काहीही द्यायचं नाकारलं. फोटोग्राफर मला सांगत होता, "मी म्हनलं काका, एक तं राहू द्या. म्हने, हागवन लागल्यावर जेवते काय कोनी?"

एका दवाखान्यात तर ते रुग्णांच्या रांगेत नंबर लावून बसत. तिथले डॉक्टर एके काळी त्यांचे साहेब होते. नंबर आला की आत जायचं, साहेबांना नमस्कार करायचा आणि त्यांच्या मॅकचं पोट तपासायचं. साहेब कुरकुरले की काका म्हणत, "साहेब, तुमीच शिकोलं. टाळाटाळ करनाऱ्याच्या घरी दोनदा जा."

पैसे विचारले की काका दुखावत. चहा मात्र घेत, अर्ध्या तासाच्या मध्यावर, बिनसाखरेचा. त्या अर्ध्या तासाची आम्ही सगळे चेष्टा करायचो. एकदा मी विचारलंच, "काका, इतक्या दिवसात कोनत्या मॅकले आली हो रिअ‍ॅक्शन?"

"नाही आली."

"मंग कायले थांबता?"

"सवय हाय," काका म्हणाले. चहा अर्धा ठेवला त्यांनी त्या दिवशी. मी पुन्हा विचारलं नाही.

आता आठवणीचं. हे काकांचं सगळ्यात लाडकं. मॅकवर आपण काही कॉपी किंवा कट केलं की मशीन तेवढं एकच लक्षात ठेवतं. दुसरं कॉपी केलं की पहिलं गेलं. आठवणीचं वापरलं की मागचं सगळं एका यादीत राहतं, केव्हाही परत काढता येतं. काकांनी ते मोठ्या कौतुकाने दिलं, अर्धा तास बसले, गेले. मला ते काही रुचलं नाही. वरच्या पट्टीत त्याचं चित्र, त्याला हात लागला की लोकांचे फोन नंबर, नवरदेवांची नावं, स्मरणिकेतल्या श्रद्धांजल्या, सगळ्यांची मिसळ यादीत उघडायची. एक दिवस वैतागून मी ते चित्र धरलं आणि पट्टीच्या बाहेर ओढून टाकलं. गेलं. काकांना सांगितलं नाही. कार्डावर "आठवणीचं, चालू" असंच राहिलं.

माझी आई दाई होती. मानोऱ्याजवळच्या आमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर तिने किती बाळंतपणं केली याची गणती तिलाही नव्हती, पण प्रत्येक बाळंतपण आठवायचं. साल नाही सांगायची. तुरी फुलावर होत्या, कपाशी निघून गेलती, असं सांगायची. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तिच्याकडून हे सगळं लिहून घेतलं. फोनवर रेकॉर्ड करू दिलं नाही तिने. "त्याच्यासमोर मले बोलाले होत नाही. तू लिही, मी सांगतो." ती बोलायची आणि मी जुन्या कॉम्प्युटरवर जशाच्या तसं टाइप करायची. सत्तेचाळीस पानं झाली. मग आई गेली. त्या पानांत तिची बोली होती, तिचं अडखळणं होतं, मधेच मला "चा मांड" म्हणणंसुद्धा होतं. त्यांच्याशिवाय आईचं माझ्याकडे फार काही नव्हतं.

पानं जुन्या फॉन्टमध्ये होती. ज्यांनी मराठी टायपिंग केलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे: जुन्या फॉन्टचा मजकूर नव्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. तो मजकूर एका बदलणाऱ्या पानावर टाकायचा, बटण दाबायचं, मग खरं मराठी मिळतं. मी हे काम रोज करते, आणि माझी एक पद्धत आहे. कॉपी नाही करत, कट करते. म्हणजे मूळ फाईल रिकामी होत जाते आणि किती उरलं ते कळतं. प्रत्येक कटनंतर बोटं आपोआप सेव्ह दाबतात. वीज कधी जाईल सांगता येत नाही अशा काळात ही बोटं शिकलेली आहेत.

जुना कॉम्प्युटर मी भंगारात दिला होता. फाईल पेन ड्राइव्हवर, एवढी एकच. त्या सकाळी आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची म्हणून ती उघडली. रोज पानापानाने करते, त्या दिवशी घाई झाली. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पानं निवडली, कट केली, सेव्ह झालं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन: पत्रिकेत मामाचं नाव चुकलंय, आता पाठवलंय, छपाईला जायच्या आधी बदला. मी मेसेजमधून मामाचं नाव कॉपी केलं, पत्रिकेत टाकलं, छपाईवाल्याला पाठवलं. आईची फाईलही बंद केली. मग बदलणाऱ्या पानावर येऊन पेस्ट दाबलं.

मामाचं नाव आलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा मामा. मूळ फाईल उघडली, कोरी. कुणाच्या तरी मामासाठी मी माझी आई पुसून टाकली होती.

काका जऊळक्याला नात्यातल्या एका घरभरणीला गेले होते. फोनवर मला धड बोलताही येईना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आठवणीचं हाय ना त्याच्यात?"

"काढून टाकलं काका. मागंच."

मग काका म्हणाले, "कसं काढलं? झाडझुडीच्यानं?"

"नाही. वरचं चित्र ओढून फेकून देलं."

"हात लावू नोको. बंद करू नोको. कापू नोको, चिकटवू नोको. मी येऊन राह्यलो."

"फोनवर सांगा ना, काय दाबू."

"फोनवर डोस देत नसतेत."

दीड तास मी हात मांडीवर ठेवून त्या मशीनसमोर बसले. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. स्क्रीन काळी होईल या भीतीने जीव गेला असता, पण झोपेचं होतं, त्याने झोपू दिलं नाही. काका आले ते नवा शर्ट, कपाळावर घरभरणीचा टिळा, आणि जेवणाच्या पंगतीतून उठून आलेले.

"चित्र काढल्यानं औषध जात नाही," बसता बसता म्हणाले. "बोर्ड काढला म्हनून दवाखाना बंद पडते काय?" प्रोग्रामांच्या कप्प्यातून त्यांनी आठवणीचं शोधून पुन्हा उघडलं. वरच्या पट्टीत ते नकोसं चित्र परत आलं. यादी उघडली. सगळ्यात वर मामा. त्याखाली एक ओळ, सगळा कचरा: इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टोप्या.

"हे काय हाय?" काकांनी विचारलं. "कचरा दिसते."

"तेच!" मी ओरडलेच. "काका, तेच आहे! माय आहे ते!"

ती ओळ बदलणाऱ्या पानावर टाकली, बटण दाबलं, आणि आई भराभरा खाली उतरत गेली. सत्तेचाळीस पानं. मी रडले, काकांच्या समोर, हुंदके देऊन. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आधी ती पानं तीन ठिकाणी साठवून घेतली, मग चष्मा पुसला.

"पुरं आलं काय ते पाहाव लागते. सुरुवात, मधात आन् शेवट."

सुरुवात मी पाहिली. मधलं काका वाचू लागले. मोठ्याने, बोट स्क्रीनवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखे.

"एक नवा कंपाउंडर आलता. मिसरूड फुटलेलं पोरगं. सगळ्याइच्या लेकरायले डोस देले त्यानं. देतखेपी एकाएका बाईले इचारे, ताप हाय काय, खोकला हाय काय. एका बाईनं मुंडी हालोली, नाही म्हने. मी बाजूलेच उभी होती. ताप होता पोरीले. डोस चुकू नये म्हनून तिच्या मायनं लपोला. मले मागून सांगतलं. कंपाउंडर यष्टी पकडाले गेला आन् इकडं पोरीले झटका आला..."

काका थांबले. बोट तिथेच. मला वाटलं, चष्म्यावर काही आलं असेल.

"कोनतं गाव तुह्या मायचं?"

मी सांगितलं. मग त्यांनी पुढे वाचलं, पण मोठ्याने नाही. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. मी स्वतःच टाइप केलेलं, आणि तरी पहिल्यांदाच वाचत होते. "मी वल्या फडक्यानं पुसून काढली. गाडी जुंपून दवाखान्यात नेली. सांजच्याले पोरगी दुधासाठी रडून राह्यली होती. आता मानोऱ्यात राह्यते, शिवनकाम करते, तिचे पोरं कालेजात हायेत. तो कंपाउंडर मंग आमच्या गावाले आला नाही. पोरगी वाचली हे त्याले कोनं सांगतलं का नाही, कोन जाने. चा मांड व माय आता."

"नाही सांगतलं," काका म्हणाले. स्क्रीनलाच म्हणाले.

मग मला हळूहळू सांगितलं. तो कंपाउंडर म्हणजे ते स्वतः, नोकरीचा पहिलाच महिना. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं की डोस दिलेल्या एका पोरीला झटका आला, गाडीत घालून नेली. एवढंच. त्याच आठवड्यात त्यांना दुसऱ्या भागात टाकलं. पुढं काय झालं ते विचारायची छाती झाली नाही. विचारलं आणि नको ते ऐकलं तर? "आन् मले हेच आठोत नव्हतं पोरी, का मी तापाचं इचारलं होतं का नाही. यष्टी निंघून जाइन म्हनून घाई होती. इचारलं असन, नसन. चाळीस वर्सं झाले."

"विचारलं होतं," मी म्हटलं. "माय बाजूलेच उभी होती."

"हो. उभी होती," काका म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि एकदम मोकळं हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी आम्ही चहा साखरेचा घेतला, दोन-दोन वेळा.

पुढच्या महिन्यात काका मानोऱ्याला जाऊन आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. अंगात मात्र नवा शर्ट होता, खिसा थोडा वर शिवलेला, आणि विचारलं की खिशावर हात ठेवून म्हणायचे, "माप चांगलं घेते."

आईची पुस्तिका निघाली. पहिली प्रत काकांना दिली. त्यांनी ती पिशवीत कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवली आणि म्हणाले, "आज तुह्या मॅकले एक नवं आनलं. खिडक्याइचं." दोन खिडक्या शेजारी शेजारी नीट बसवून देणारं होतं ते. पाच मिनिटांत दिलं, कार्डावर तारीख लिहिली आणि काका उठले. पिशवी खांद्यालाच होती. दारात पोचलेसुद्धा.

"काका," मी म्हटलं, "अर्धा तास?"

काका वळले. "काही होत नाही वो. झालंच तं फोन कर."

आणि गेले. भिंतीवर तारीख टाकायलाही थांबले नाहीत. ती मीच मग गेरू शोधून टाकली. आत आले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले आणि घड्याळ पाहत अर्धा तास त्या मॅकजवळ थांबले. काही झालं नाही.